मना पोऱ्या कसा शे?

महाराष्ट्रात मूल आधी पोर्टलवर जन्माला येते आणि मग शाळेत येते. जन्मदाखल्यावर त्याचे नाव जयेश असते, आधारवर जयेस असते आणि घरी त्याला सगळे जयू म्हणतात. पोर्टलच्या मते ही तीन वेगळी मुले आहेत आणि तिघांपैकी एकही 'व्हॅलिड' नाही. वर्गशिक्षक मात्र रोज या जयूला नाक पूस म्हणून सांगत असतो. ज्याला दिवसातून चार वेळा नाक पुसायला सांगावे लागते, तो मुलगा अस्तित्वातच नाही, हे त्या बिचाऱ्याला कसे पटावे?

२०१५ साली राज्यात 'सरल' प्रणाली आली आणि शाळेची, शिक्षकांची, मुलांची सगळी माहिती ऑनलाइन भरायची असे ठरले. दिवसा सर्व्हर मान टाकायचा आणि शुद्धीवर यायचा तो मध्यरात्रीनंतर. आमच्या खानदेशात रात्री-बेरात्री उठायची सवय तशी जुनी, कारण शेतीपंपाची वीज रात्रीची. त्यामुळे गल्लीत दोनच घरांत दिवा दिसे. एका घरात कापसाला पाणी भरायला निघालेला शेतकरी आणि दुसऱ्या घरात सरल भरायला बसलेला गुरुजी. एक विचारी, "लाइट आली का?" दुसरा विचारी, "सर्व्हर आला का?" दोघांची उत्तरे बहुधा सारखीच असत.

त्या सरलने प्रत्येक मुलाला एक ओळख क्रमांक दिला, तो १९ अंकी. आधार आधीच होता, तो १२ अंकी. मग यूडायस प्लस पोर्टलचा 'पेन' आला, तो ११ अंकी. त्यावर 'अपार' आला, तोही १२ अंकी. बेरीज करा: ५४ अंक. पहिलीत बसलेल्या सहा वर्षांच्या जिवाच्या अंगावर ५४ अंक चिकटलेले असतात आणि त्याच्याकडून अपेक्षा अशी की, बाळा, एक ते पन्नास म्हणून दाखव.

हे सगळे कशासाठी? तर मुलांची माहिती हाती असली की शिक्षकांनी एकत्र बसावे, ती वाचावी, कोण कुठे अडकले आहे ते शोधावे आणि त्याप्रमाणे शिकवावे. कल्पना उत्तम आहे. तिच्यात नाव ठेवायला जागा नाही. अडचण एवढीच की माहिती जमा करता करताच पाच वाजतात.

जळगाव जिल्ह्यात तालुके पंधरा, धुळ्यात चार. पण प्रपत्राचा धाक दोन्हीकडे सारखाच. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर सकाळी सव्वादहाला लिंक पडते. खाली लिहिलेले असते: 'अतितातडीचे. आजच. माहिती निरंक असल्यास तसे कळवावे.' निरंक कळवणे हे माहिती कळवण्याइतकेच तातडीचे असते. उद्या समुद्रकिनाऱ्यावरच्या शाळांची माहिती मागवली, तरी साक्री तालुक्यातून ती निरंक म्हणून पाच वाजेच्या आत जाईल, आणि कोणत्या शाळांनी अजून निरंक कळवले नाही त्यांची यादी सव्वापाचला गटावर पडेल.

धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ आहे. गावोगाव हिंडून, वाडे धुंडाळून कागद गोळा करणाऱ्या माणसाच्या नावाची ती संस्था. तेव्हा कागद गोळा करण्याची परंपरा आमच्याकडे चांगली रुजलेली आहे. फरक इतकाच, की राजवाडे कागद गोळा केल्यावर ते वाचत असत.

आता कुणी म्हणेल, पूर्वीच्या गुरुजींकडे कुठे होती ही आकडेवारी? होती, पण डोक्यात होती. साने गुरुजी १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' काढत, तेही हाताने लिहून. म्हणजे रोजच्या रोज मुलांविषयी विचार करून मुलांसाठी लिहिणे, आणि ते मुलांनी वाचणे. आज त्यांना कुणी विचारले असते, 'गुरुजी, या उपक्रमाचे फोटो जिओ-टॅग करून लिंकवर टाकलेत का?' तर ते रडले असते. तसे ते एरवीही लवकर रडत, पण या रडण्याला सबळ कारण असते.

मग २०१० च्या ऑगस्टमध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. नुसते गुण देऊ नका, मुलाकडे नीट पाहा आणि पाहिले ते लिहा, असे त्याचे सांगणे. प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी ठेवायच्या: विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. आठवडाभर शिक्षक खरेच मुलांकडे पाहत बसले. मग कुणीतरी नोंदींचे तयार पुस्तकच बाजारात आणले, पुढे त्याची पीडीएफ निघाली आणि सगळ्या जिल्ह्याचा प्रश्न सुटला. त्या वर्षीपासून रावेरपासून शिरपूरपर्यंतची मुले 'स्वतःहून उपक्रमात सहभागी' होऊ लागली, 'मित्रांना मदत' करू लागली आणि झाडून सगळ्यांचे 'हस्ताक्षर सुधारणे आवश्यक' झाले. एका मुलीच्या नोंदीत आवड-छंद या रकान्यात 'क्रिकेट खेळतो' असेही आढळते. पीडीएफला लिंग नसते.

२२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला. पायाभूत चाचणी आली, मग संकलित मूल्यमापन एक आणि दोन आले. पुढे २०२३-२४ पासून केंद्र सरकारच्या 'स्टार्स' प्रकल्पातून तिसरी ते आठवीच्या मुलांसाठी नियतकालिक चाचण्या आल्या आणि त्यांचे गुण चॅटबॉटवर भरायचे ठरले. चॅटबॉट हा अतिशय नम्र प्राणी आहे. तो आधी नमस्कार करतो, मग आपण शिक्षक आहात का ते विचारतो, मग इयत्ता विचारतो, मग विषय विचारतो, आणि चाळीस मुलांचे प्रश्नवार गुण भरून झाल्यावर पुन्हा नमस्कार करतो. अगदी पहिल्यापासून.

त्यातच मधूनमधून दिल्लीचे सर्वेक्षण येते. ४ डिसेंबर २०२४ रोजी 'परख' झाले. तिसरी, सहावी आणि नववीच्या निवडक वर्गांचे. निकाल पुढच्या जुलैमध्ये लागला. तोवर तिसरीचे मूल चौथीत जाऊन बसले होते आणि त्याच्या जुन्या वर्गात तिसरीची नवी मुले आली होती. वरच्यांना राज्य कुठे चालले आहे हे कळण्यासाठी असा आकडा लागतोच. पण वर्गातल्या बाईंना उद्या सकाळी कोणत्या मुलाला जवळ बसवायचे, हे त्यातून कळत नाही, आणि ते त्याचे कामही नाही.

तर शिक्षकांनी एकत्र बसायचे ते ठिकाण म्हणजे केंद्राची मासिक शिक्षण परिषद. आठ-दहा किंवा बारा-पंधरा शाळा मिळून एक केंद्र, त्याला एक केंद्रप्रमुख. जवळपासच्या शाळांनी एकमेकींना धरून चालावे, हा विचार १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने मांडला होता, आणि त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते आपले जे. पी. नाईक. तेव्हा ही गोष्ट काही परदेशातून उचललेली नाही. महिन्यातून एकदा केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांनी जमायचे आणि शिकवण्याविषयी बोलायचे, एवढीच मूळ अपेक्षा.

होते ते असे. वेळ अकराची असते. अकराला यजमान शाळेचे मुख्याध्यापक आणि रांगोळी एवढेच हजर असतात. साडेअकरापर्यंत मोटरसायकली येऊ लागतात. ईशस्तवन होते, स्वागतगीत होते, पाहुण्यांना गुलाबाऐवजी पुस्तक दिले जाते (ते पुस्तक मागच्या परिषदेत दुसऱ्या पाहुण्यांना दिलेले असते). मग प्रास्ताविक. प्रास्ताविकात वक्ता सांगतो की वेळ कमी असल्यामुळे मी थोडक्यात बोलतो, आणि वेळ कमी असण्याचे कारण स्वतः पुरवतो.

त्यानंतर उभे राहतात 'तंत्रस्नेही' शिक्षक. प्रत्येक केंद्रात असे एक तरी असतात. त्यांनी एक्सेलमध्ये पत्रक केलेले असते. ते भिंतीवर पडते. हिरवा रंग म्हणजे उत्तम, पिवळा म्हणजे बरे, लाल म्हणजे तुमची शाळा. मार्चमध्ये, सकाळच्या शाळेच्या दिवसांत, पत्र्याच्या खोलीत, जळगावच्या उन्हात हे पत्रक पाहताना लाल रंग जरा जास्तच लाल दिसतो. "केंद्राची भाषेची सरासरी पाहा, मागच्या वेळेपेक्षा पावणेदोन टक्क्यांनी वाढली," असे ते सांगतात. टाळ्या पडतात. कोणाचे काय वाढले, हे ना सांगणाऱ्याला माहीत असते ना टाळ्या वाजवणाऱ्याला.

श्रोत्यांचे ठरलेले प्रकार असतात. एक उत्साही मॅडम, नव्याने लागलेल्या, सगळे वहीत लिहून घेणाऱ्या. एक बदली-तज्ज्ञ, ज्यांना पोर्टलचा फक्त बदलीचा भाग पाठ असतो. एक संघटनेचे जिभाऊ, जे दर परिषदेत "हे अशैक्षणिक काम आहे" असे बसल्या जागेवरून म्हणतात आणि लगेच फोन घ्यायला बाहेर जातात. आणि निवृत्तीला थोडीच वर्षे उरलेले एक आबा. आबा डोळे मिटून बसतात. ते झोपले आहेत असे परिषद चालवणाऱ्या सुलभकांना वाटते, आणि सुलभक बोलत आहेत असे आबांना वाटते. दोघांचेही अर्धे खरे असते.

मग जेवण. आमच्याकडच्या शिक्षण परिषदेत सर्वांत गांभीर्याने पार पडणारी तासिका ती हीच. हिवाळा असेल तर वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी. एरवी वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. आणि इथे एक चमत्कार पाहायला मिळतो. मागच्या वर्षी अमक्या शाळेच्या पाळीला बट्ट्या आतून कच्च्या राहिल्या होत्या. ही गोष्ट केंद्रातल्या प्रत्येक शिक्षकाला तारखेसह माहीत असते. का राहिल्या, याचीही चर्चा झालेली असते: मका जास्त पडला, आणि उकडायला वेळ कमी दिला. त्यावर उपाय ठरतो, आचारी तोच ठेवून पिठाचे प्रमाण बदलले जाते, पुढच्या पाळीला बट्टी फोडून आधी दोघे जण पाहतात. निरीक्षण झाले, निदान झाले, उपाय झाला, पडताळा झाला. कुणी प्रपत्र मागवले नाही, कुणी सरासरी काढली नाही, आणि 'केंद्रातल्या ८३ टक्के बट्ट्या प्रगत' असा फलक कुणी लावला नाही. ज्यांना हे जमते, त्यांना मुलांच्या वजाबाकीचे जमणार नाही, असे कोण म्हणेल?

जमते. पण ते जेवणानंतर, शाळेमागच्या निंबाच्या सावलीत जमते, आणि तिथे प्रोजेक्टर नसतो.

उत्साही मॅडमच्या पिशवीत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असतो, कारण त्या जमा करायच्या राहिलेल्या असतात. त्या सहज म्हणतात, "माझ्या वर्गात बावन्नातून सत्तावीस गेले तर अर्ध्या मुलांनी पस्तीस लिहिलंय. सगळ्यांचा आकडा सारखाच कसा? कॉपी म्हणावी तर दोन बाकांवरची मुलं एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत."

शेजारच्या वस्तीशाळेचे सर आपलाही गठ्ठा काढतात. तिथेही पस्तीस. तिसऱ्या शाळेतही पस्तीस. आबा डोळे उघडतात. "दोनातून सात जात नाहीत, म्हणून पोरं सातातून दोन वजा करतात. पाच आले. पाचातून दोन गेले, तीन आले. झाले पस्तीस. त्याला वजाबाकी येते हो, त्याला दशक मोडता येत नाही." पत्रकात या मुलाला शून्य होते आणि कोरा कागद देणाऱ्यालाही शून्यच होते. लाल रंगात दोघे शेजारी बसले होते. एकाला पंधरा दिवसांची मदत पुरे होती आणि दुसऱ्याला पहिलीपासून.

मग बोलणे सुरू होते. एक जण म्हणतो, मी काड्यांचे दहा-दहाचे जुडगे बांधतो, जुडगा सोडल्याशिवाय दोनातून सात देत नाही. दुसऱ्या बाई म्हणतात, माझी मुले काड्यांशी खेळतातच जास्त. मी खेळातल्या दहाच्या नोटा आणि रुपये वापरते, आधी दुकानात सुटे करून आणायचे, मगच सत्तावीस द्यायचे. आबा सांगतात, केळीच्या गाडीवर बसणाऱ्या पोराला विचारा, बावन्नातून सत्तावीस घेतले तर गिऱ्हाइकाला किती परत करशील. तो पंचवीसच सांगेल. मग त्याला म्हणा, आता हेच कागदावर लिही. जिभाऊसुद्धा फोन खिशात ठेवून म्हणतात, "मी बी पाहतो भो आपल्या वर्गात." ठरते असे की सगळ्यांनी दोन आठवडे हे करायचे आणि पुढच्या महिन्यात गठ्ठे घेऊन यायचे. कार्यवृत्तात याची नोंद होत नाही. कार्यवृत्तात 'जेवणाची व्यवस्था उत्तम होती' अशी नोंद होते.

त्याच सावलीत भाषेचा पेपर निघतो. साताऱ्याकडून बदलून आलेल्या एका मॅडमची तक्रार असते, की इथल्या मुलांना ळ येतच नाही. श्रुतलेखनात 'शाळा'चे 'शाया', 'फळ'चे 'फय', 'काळा'चे 'काया'. केंद्राच्या पत्रकात शेरा होता: 'उच्चारानुसार लेखन असमाधानकारक.' स्थानिक शिक्षक हसू लागतात. अहो मॅडम, यापेक्षा उच्चारानुसार लेखन कोण करणार? त्या पोराच्या घरी अहिराणी बोलतात. त्याच्या आजीने जन्मात ळ उच्चारला नाही. तापीच्या पलीकडे लेवा गणबोलीतही तीच तऱ्हा. पोरगा चुकला नाही, तो घरी आहे. त्याला फक्त शाळेपर्यंत आणायचे आहे. मग एक सर सांगतात, मी फळ्यावर दोन रकाने करतो: घरी कसे म्हणतो, पुस्तकात कसे लिहितो. पोरे स्वतः जोड्या लावतात, आणि एकदा खेळ कळला की आपल्या बापाच्या बोलण्यातले य पकडून आणतात.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या लेकी. त्या शाळेत गेल्या नव्हत्या, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी मुलाने उतरवून घेतली आणि ती १९५२ साली पुस्तकरूपाने आली. आजच्या स्तरनिश्चितीच्या तक्त्यात त्यांना 'प्रारंभिक' या रकान्यात टाकावे लागले असते, आणि खाली शेरा: 'वाचन शून्य, ळ सदोष'. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्या विद्यापीठाच्या पदव्या मिळवलेलेच शिक्षक तो तक्ता भरतात. तक्ता खोटा नसतो, पण त्याला काय विचारायचे आणि काय नाही, हे भरणाऱ्याला कळायला लागते.

सातपुड्याच्या पायथ्याशी तर आणखी एक पायरी खाली उतरावे लागते. चोपडा, यावल, शिरपूरच्या पाड्यांवरची मुले घरी पावरी बोलतात. त्यांना मराठी हीच नवी भाषा. 'निपुण भारत'चे उद्दिष्ट तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावे असे आहे. पाड्यावरच्या बाईंना माहीत असते की आपला पोरगा चाळीस वाचतो, पण एकेक शब्द पावरीत विचारून समजून घेतो. शेजारच्या गावातला साठ वाचतो आणि काय वाचले ते विचारले की छताकडे पाहतो. पत्रकात कोण पुढे? ते नुसते पत्रक पाहून कळत नाही, दोन्ही गावांच्या बाई शेजारी बसल्या तरच कळते.

आणि 'गै. ह.'? पत्रकात ही दोन अक्षरे सर्वांत निरुपद्रवी दिसतात. पिंपळनेरच्या बाजूची कुटुंबे, चाळीसगावचे तांडे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मागे आजी असेल तर मूल राहते, नसेल तर फडावर जाते. कापूस वेचणीच्या दिवसांत चौथी-पाचवीची मुले धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी थांबतात. वर्गशिक्षकाला नाव-गाव-फडासकट ठाऊक असते की कोणता गैरहजर कुठे आहे आणि तो परत आला की त्याचे भागाकार कुठून सुरू करायचे. पण त्याला विचारले जाते ते एवढेच: टक्केवारी का घसरली, त्याचा खुलासा सादर करावा.

'खुलासा' या शब्दासरशी सगळी आकडेवारी आपोआप सुधारते. डोनाल्ड कॅम्पबेल नावाच्या अमेरिकन सामाजिक शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हे मांडून ठेवले आहे: ज्या आकड्यावर मोठे निर्णय लटकवाल, तो आकडा बिघडतो, आणि ज्या कामाचे माप तो घेतो ते कामही बिघडवतो. कॅम्पबेलसाहेब आमच्या पंचायत समितीत आले असते तर त्यांना एवढा विचार करावा लागला नसता. ज्या महिन्यात खुलासे मागवले, त्याच्या पुढच्या महिन्यात लाल शाळा पिवळ्या होतात. त्यासाठी मुलाला शिकवावे लागत नाही, रकाना बदलावा लागतो. मग परिषदेत कुणीच म्हणत नाही की माझ्या वर्गात अडचण आहे. आणि जिथे कुणाचीच अडचण नाही, तिथे एकत्र बसून करायचे काय? वरण-बट्टी खायची.

जपानमधल्या शिक्षकांची एक रीत आहे, शंभराहून अधिक वर्षांची. 'जुग्यो केंक्यू' म्हणतात तिला. चार-पाच शिक्षक मिळून एकच पाठ बारकाईने आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे वर्गात उभे राहून शिकवणाऱ्याकडे न पाहता मुलांकडे पाहतात आणि नंतर बोलतात. चूक निघते ती पाठाची असते, शिक्षकाची नसते. त्यामुळे कुणी ती लपवत नाही. आपल्याकडेही 'प्रथम'च्या 'असर' पाहणीने २००५ पासून दाखवून दिले, की अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट एवढ्या पायऱ्यांचा एक कागद घेऊन मुलाशेजारी पाच मिनिटे बसले, तर ते कुठे अडले आहे ते समजते. पुढे राज्यानेही 'जलद प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'मधून स्तरनिश्चिती आणली, ती याच दिशेने. साधन हलके होते. त्यावर नोंदी चढत गेल्या, नोंदींवर अ‍ॅप चढले, अ‍ॅपवर आढावा चढला, आणि पाच मिनिटे मुलाशेजारी बसायची होती, ती मोबाइलशेजारी जाऊ लागली.

तेव्हा जिल्ह्याच्या आणि राज्याच्या साहेबांना एवढीच विनंती. आकडे हवेत, जरूर मागवा. पण एक आकडा एकदाच मागवा, आणि तो शिक्षकाकडे त्याच आठवड्यात परत येऊ द्या, मूल पुढच्या वर्गात गेल्यावर नको. लाल रंग दिसला तर खुलासा मागू नका, काय मदत हवी ते विचारा. शिक्षण परिषदेतली भाषणे अर्धी करा आणि उरलेला वेळ निंबाच्या सावलीला द्या. तिथे काय ठरले याचा अहवाल मागवू नका, नाही तर पुढच्या महिन्यापासून निंबाचेही फोटो जिओ-टॅग करून पाठवावे लागतील.

आणि पालकहो, तुमच्याकडेही एक मागणे आहे. खानदेशातला बाप बाजाराच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी थांबून विचारतो, "गुर्जी, मना पोऱ्या कसा शे?" सबंध शिक्षण खात्यात याहून नेमका प्रश्न कुणी विचारलेला नाही. त्यावर 'बी प्लस आहे' किंवा 'पिवळ्यात आहे' असे उत्तर मिळाले, तर निघू नका, पुन्हा विचारा. "वाचस चांगला, पन वजाबाकीमा दशक मोडाले इसरी जास, पंधरा दिनमा करी लिसू," असे उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. ज्या शाळेत हे उत्तर मिळते, तिथल्या शिक्षकांनी उत्तरपत्रिका एकत्र बसून वाचल्या आहेत असे खुशाल समजा. ती शाळा चांगली आहे, मग पत्रकात तिचा रंग कोणताही असो.